पुढच्या विंडोजमध्ये काय असेल आणि ते कोण ठरवणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे, वक्त्यांनी तपासून दिलेले शब्दांकन. वक्ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. महिन्यापूर्वी पक्षाच्या कार्यालयात गेलो असता तेथील एका तरुण कार्यकर्त्याने मला आपली अडचण सांगितली. कार्यालयात चार संगणक आहेत. चारही आठ-दहा वर्षांचे आहेत आणि चारही चालतात. पत्रके, सभासदांच्या याद्या, वर्गणीचे हिशेब ही सगळी कामे त्यांच्यावर होतात. दुकानदार मात्र सांगतो की, हे संगणक आता बाद झाले. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची देखभाल कंपनीने थांबवली आणि अकरावी आवृत्ती या यंत्रांवर चढत नाही. वर त्याचा असाही सल्ला की, नवे घ्यायचे तर थोडे थांबा. पुढच्या आवृत्तीत काय काय येणार याची चर्चा चालू आहे, ते कळले म्हणजे त्याप्रमाणे यंत्र घ्या. "सर, थांबायचे की घ्यायचे?" एवढाच त्या कार्यकर्त्याचा प्रश्न होता.

मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. संगणकाच्या अंतरंगाचा मी जाणकार नव्हे. म्हणून त्या दिवशी मी उत्तर टाळले. परंतु पुढे विचार करता ध्यानात आले की, चालते यंत्र बाद झाले हे कोण ठरवतो, न आलेल्या मालाची चर्चा आजच्या बाजारावर काय परिणाम करते आणि ग्राहकाच्या हाती निवड कितपत उरते, हे सारे प्रश्न अर्थशास्त्राचेच आहेत. किंबहुना राजकारणाचे आहेत. म्हणून आज मी आपल्यासमोर पुढच्या विंडोजविषयी काही अंदाज मांडणार आहे. तिला बारावी म्हणोत की आणखी काही, नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. कंपनीच्या गोटातून फुटलेल्या बातम्यांवर हे अंदाज आधारलेले नाहीत. ते हितसंबंधांच्या विश्लेषणावर आधारलेले आहेत.

चावडीवरचे दप्तर

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे साध्या शब्दांत सांगतो. गावातला तलाठी स्वतः शेत पिकवत नाही. पण जमिनीचा कोणताही व्यवहार त्याच्या नोंदीवाचून पुरा होत नाही. कोणाची जमीन किती, बांध कोठे, कोणी कोठवर जायचे, हे त्याच्या दप्तरात असते. संगणकातली ऑपरेटिंग सिस्टिम हेच काम करते. स्मृतीची जागा कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायची, फाइल कोठे ठेवायची, छापयंत्राकडे कोणाला जाऊ द्यायचे, हे ती ठरवते. आपण पत्र लिहितो ते वेगळ्या प्रोग्रॅमवर. परंतु त्या प्रोग्रॅमलाही प्रत्येक पावलाला या दप्तरातून जावे लागते.

आता आपल्या जुन्या इतिहासाची आठवण करून देतो. तलाठी हा सरकारचा नोकर आहे. त्याच्या आधी गावाचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे आणि कुलकर्णी हा वतनदार होता. दप्तर त्याच्या घरी, लिपी त्याची, आणि हक्क वंशपरंपरेचा. ही वतने मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने रद्द झाली. दप्तर राहिले, पण वतन गेले. संगणकाच्या बाबतीत दप्तर हवेच, त्याविषयी वाद नाही. त्या दप्तरावर वतन कोणाचे, एवढाच आपला मुद्दा आहे. जगातल्या बहुसंख्य वैयक्तिक संगणकांचे दप्तर एका अमेरिकन कंपनीच्या हाती आहे. अमेरिकेच्या न्यायालयानेच ५ नोव्हेंबर १९९९ च्या निष्कर्षांत या मक्तेदारीचे मर्म सांगितले होते. बहुतेक प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिले जातात म्हणून लोक विंडोज घेतात. आणि लोक विंडोज घेतात म्हणून प्रोग्रॅम विंडोजसाठीच लिहिले जातात. या चक्रात बाहेरून शिरणे कोणालाही कठीण आहे. २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश निघाला. वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये मक्तेदारीचा निष्कर्ष उचलून धरला. विभाजनाचा आदेश मात्र रद्द केला. चक्र होते तसेच फिरत राहिले.

आवईचे अर्थशास्त्र

येणाऱ्या मालाची चर्चा निरुपद्रवी असते, अशी आपली समजूत आहे. ती बरोबर नाही. १९६४ मध्ये कंट्रोल डेटा ही तुलनेने लहान कंपनी सर्वांत वेगवान संगणक विकू लागली, तेव्हा आयबीएमने आपल्याकडेही तसेच यंत्र येत असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष यंत्र ग्राहकांच्या हाती पडायला १९६७ उजाडले. मधल्या काळात ग्राहक थांबले. तयार नसलेल्या यंत्रांच्या घोषणा करून ग्राहक अडवले, असा आरोप ठेवून कंट्रोल डेटाने १९६८ मध्ये दावा लावला आणि १९७३ मध्ये आयबीएमला तडजोड करावी लागली.

विंडोजचा जन्मही असाच झाला. नोव्हेंबर १९८३ मध्ये ती जाहीर झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये दुकानात आली. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेचे सरकार आणि कंपनी यांच्यातील तडजोडीला मान्यता देण्यास न्यायाधीश स्पॉर्किन यांनी नकार दिला. अस्तित्वात नसलेल्या मालाच्या आगाऊ घोषणांचा त्या तडजोडीत विचारच नाही, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता. वरिष्ठ न्यायालयाने तो नकार फिरवला, हा भाग निराळा. २००३ मध्ये 'लाँगहॉर्न' या नावाने पुढच्या विंडोजचे मोठे प्रदर्शन झाले. फाइली साठवण्याची एक सर्वस्वी नवी पद्धत तिच्यात येणार होती. पुढल्याच वर्षी ती पद्धत वगळली गेली, आणि उरलेली प्रणाली 'व्हिस्टा' नावाने सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती जानेवारी २००७ मध्ये आली. २०१५ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने जाहीर व्यासपीठावरून सांगितले की, दहावी विंडोज ही शेवटची. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला. ५ ऑक्टोबर २०२१ ला अकरावी आली.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. सांगितलेले येईलच असे नाही, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची. मक्तेदाराने नुसते 'येणार आहे' म्हटले तरी बाजार थांबतो, आणि त्या थांबण्याचा तोटा प्रतिस्पर्ध्याला होतो. यासाठी मक्तेदाराने खोटे बोलण्याचीही गरज नसते. लोक आपसांत तर्क लढवतात आणि त्याचे काम फुकटात होते. आपला दुकानदार 'थांबा' म्हणतो तेव्हा तो कोणाचा पगारी प्रचारक नसतो. तरीही प्रचार होतोच.

हितसंबंधांवरून अनुमान

मग पुढच्या आवृत्तीबद्दल काही सांगताच येणार नाही काय? येईल. पावसाचा अंदाज आणि अर्थसंकल्पाचा अंदाज यांत फरक असतो. पावसावर कोणाचे नियंत्रण नाही. अर्थसंकल्पात काय येईल हे मात्र सत्ता कोणाच्या हाती आहे आणि तिच्यावर दाब कोणाचा आहे, हे पाहून बरेचसे ओळखता येते. मी त्याच पद्धतीने चार अंदाज करतो.

पहिला अंदाज यंत्राविषयीचा. पुढची आवृत्ती आजच्यापेक्षा भारी यंत्र मागेल. अकराव्या आवृत्तीने 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरचे प्रोसेसर आवश्यक ठरवले. मे २०२४ मध्ये कंपनीने संगणकांचा एक नवा वर्ग जाहीर केला. त्यात किमान १६ गिगाबाइट स्मृती आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचा खास प्रोसेसर लागतो. आज हा वेगळा, महाग वर्ग आहे. नव्या यंत्रांच्या विक्रीवर यंत्र-उत्पादकाचे जगणे आहे आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर विंडोजचा परवाना विकला जातो. तेव्हा आजची वरची अट ही उद्याची किमान अट व्हावी, यात दोघांचेही हित आहे. विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी १९२४ मध्ये 'फिबस' नावाचा गट स्थापून दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले होते. त्यासाठी त्यांना तार कमकुवत करावी लागली. येथे यंत्राला हातही लावावा लागत नाही; अट बदलली की चालता दिवा बाद होतो. दहाव्या आवृत्तीची देखभाल थांबल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजारपाहणी संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला होता. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम आहेत. ते विल्हेवाटीची जबाबदारी यंत्राच्या उत्पादकावर टाकतात. ज्याच्या निर्णयाने यंत्राचा कचरा होतो, तो त्या नियमांच्या बाहेर राहतो.

दुसरा अंदाज 'एजंट'चा. आपल्या वतीने फाइली चाळणारा, पत्रे पाठवणारा, खरेदी करणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट पुढच्या आवृत्तीच्या केंद्रस्थानी असेल. हे गुपित राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये विंडोज विभागाच्या प्रमुखानेच ही दिशा जाहीरपणे सांगितली आणि वापरणाऱ्यांनी त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली. आपल्याकडे एजंट म्हणजे काय, हे आरटीओच्या दारात उभे राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तो काम करून देतो, हे खरे. पण तो आपला माणूस असतो की कचेरीचा, याविषयी कोणाची खात्री नसते. संगणकातला एजंटही उपयोगी पडेल. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या हातांना कंप आहे, त्याला तो वरदानही ठरेल. मात्र आपली कागदपत्रे वाचल्याखेरीज त्याला आपले काम करता येणार नाही, आणि त्याचा मालक आपण नसू.

तिसरा अंदाज खात्याचा. कंपनीकडे खाते उघडल्याशिवाय आणि इंटरनेट जोडल्याशिवाय यंत्र सुरूच करता येऊ नये, या दिशेने घरगुती आवृत्ती बरीच पुढे गेली आहे. त्यातून सुटण्याच्या आडवाटाही कंपनी एकेक करून बुजवत आली आहे. विंडोजसाठी दरमहा वर्गणी सुरू होणार, अशी वदंता वर्षानुवर्षे ऐकू येते. माझा तर्क वेगळा आहे. दारावर तिकीट लावून लोकांना बिथरवण्यापेक्षा दार मोकळे ठेवून आतल्या प्रत्येक खोलीचे भाडे घेणे अधिक फायद्याचे असते. साठवणुकीची जागा, लेखनाचे प्रोग्रॅम, एजंटची सेवा यांची वर्गणी कंपनी घेतच आहे. नफ्याची जागा खंड घेतो, तेव्हा मालकाला माल विकण्यापेक्षा कूळ टिकवण्यात अधिक रस असतो.

चौथा अंदाज सुरक्षेचा, आणि येथे मी कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या सदोष सुधारणेमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळांवर गोंधळ उडाला. आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. बाहेरच्या प्रोग्रॅमना प्रणालीच्या गाभ्यात मोकळीक दिल्याचा तो परिणाम होता. पुढच्या आवृत्त्यांत हा गाभा अधिक बंदिस्त होईल आणि त्यात खरा लाभ आहे. टीपीएम चिपचाही सुरक्षेला उपयोग आहे. या कारणाने सर्व अटी म्हणजे निव्वळ लूट, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. परंतु ज्या भिंतीने चोर बाहेर राहतो, त्याच भिंतीने प्रतिस्पर्धीही बाहेर राहतो. भिंत किती उंच हवी, हे फक्त घरमालकाने ठरवायचे की त्यावर लोकांचीही काही देखरेख असावी, हा वाद त्यामुळे शिल्लक राहतो.

दाबाने काय बदलते

कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे असा भाग आता येतो. मे २०२४ मध्ये कंपनीने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. यंत्राने दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवायचे आणि मागाहून त्यात शोध घेऊ द्यायचा, अशी ती योजना होती. ही चित्रे आणि त्यांतला मजकूर पुरेशा संरक्षणाशिवाय साठवला जात असल्याचे सुरक्षेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. ओरड झाली. काही आठवड्यांत कंपनीने ही सोय ऐच्छिक केली, नंतर पुढे ढकलली, आणि बदल करून एप्रिल २०२५ मध्ये आणली. आपल्या कार्यालयात सभासदांच्या याद्या असतात, संपातल्या कामगारांची नावे असतात. ही ओरड कोणी केली नसती तर त्यांचे काय झाले असते, याचा विचार करा.

दुसरे उदाहरण युरोपचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाव्या आवृत्तीची नियमित देखभाल संपली. त्यापुढे वर्षभर सुरक्षेच्या सुधारणा हव्या असतील तर व्यक्तीने ३० डॉलर भरावेत किंवा आपली माहिती कंपनीच्या खात्यात साठवावी, अशा अटी होत्या. संस्थांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठवला. तेथील नागरिकांना माहिती साठवण्याची अट न घालता ते वर्ष मोफत मिळाले. खाते उघडण्याचे बंधन तेवढे राहिले. तेथल्याच डिजिटल बाजारपेठांच्या कायद्यामुळे २०२४ पासून युरोपातला नागरिक विंडोजमधला कंपनीचा ब्राउझर काढून टाकू शकतो. एकाच कंपनीची प्रणाली; पण पॅरिसच्या नागरिकाला जे मिळाले, ते परभणीच्या नागरिकाला नाही. हा फरक तंत्रज्ञानामुळे पडलेला नाही, तो कायद्यामुळे पडला आहे.

आपल्याकडे हे होणार नाही, असे कोणी समजू नये. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला आणि अटी घातल्या. जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीला भारतातल्या अँड्रॉइडमध्ये बदल जाहीर करावे लागले. शोधयंत्र निवडण्याची मुभा हा त्यांपैकी एक. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधले एक वैशिष्ट्य दिल्लीतल्या आदेशाने ठरले. हे अँड्रॉइडमध्ये घडू शकते, तर विंडोजमध्ये का नाही?

आपला वारसा आणि आपली चूक

या प्रश्नाशी समाजवादी चळवळीचा संबंध जुना आहे. आयबीएम कंपनी १९७८ मध्ये भारतातून गेली, तेव्हा उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. परकीय चलन नियमन कायदा १९७३ चा, म्हणजे जनता सरकारच्या आधीचा. त्यानुसार भांडवलातला वाटा कमी करण्यास कंपनी तयार झाली नाही. आयबीएम त्या काळी इतर देशांतून निवृत्त झालेली '१४०१' यंत्रे दुरुस्त करून येथे भाड्याने देत असे. तेव्हा जुनी यंत्रे आपल्या गळ्यात बांधली जात होती. आता चालती यंत्रे जुनी ठरवून काढायला लावली जात आहेत. दोन्ही वेळी यंत्राचे वय ठरवण्याचा अधिकार परक्याकडेच होता. कंपनी गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सार्वजनिक क्षेत्रातल्या सीएमसीने केली आणि देश बंद पडला नाही.

परंतु आत्मपरीक्षणही केले पाहिजे. बँका आणि विमा क्षेत्रांतल्या आपल्या संघटनांनी संगणकाला विरोध केला. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांचा यांत्रिकीकरणावर करार झाला. त्या वाटाघाटींत नोकऱ्यांचे प्रश्न होते आणि ते योग्यच होते. मात्र यंत्र आल्यावर त्यातल्या आज्ञांची मालकी कोणाची, हा प्रश्न आपण विचारला नाही. आपण यंत्राच्या दाराशी उभे राहिलो आणि वतन खिडकीतून आत आले. त्याच १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला होता. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहायला घेतला. तीच आजची लिनक्स. डॉ. लोहियांनी माणसाच्या आवाक्यातल्या लहान यंत्राचा आग्रह धरला होता. उघडून पाहता येणारी प्रणाली हे त्या आग्रहाचेच रूप आहे, हे ओळखायला आपल्याला फार वेळ लागला.

भाषेच्या बाबतीतही असेच झाले. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही सांकेतिक प्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक ठरली. तरीही प्रत्यक्ष बाजारात प्रत्येक अक्षरसंचाची लिपी निराळी राहिली. मी स्वतः नव्वदीच्या दशकात चारएकशे पानांच्या व्याख्यानांच्या टिपणांचे मराठी टंकन असल्याच एका अक्षरसंचात केले. पुढे संगणक बदलला, प्रणाली बदलली, आणि आता ती फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. अक्षरे आतमध्ये आहेत, पण दप्तराची लिपी जाणणारा उरला नाही. युनिकोड आले, विंडोज २००० मध्ये देवनागरीला स्थान मिळाले, तेव्हा कोठे मराठीला या दप्तरात स्वतःच्या नावाने जागा मिळाली. आपल्या चळवळीची कित्येक पत्रके, ठराव, अंक आजही त्या जुन्या लिप्यांत अडकलेले आहेत. पुढच्या विंडोजमध्ये कोणत्या नव्या सोयी येतील, या चर्चेत जुने काय वाचता येणार नाही, याची चर्चा कधी होत नाही.

पर्याय आणि त्याच्या अडचणी

जुलै २०२५ मधली एक घटना सांगतो. गुजरातमध्ये वाडीनार येथे नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियन भांडवल आहे, म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. ते निर्बंध भारताचे नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीची टपाल आणि इतर सेवा बंद केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. रशियाविषयी आपले मत काहीही असो. भारतीय भूमीवरच्या उद्योगाचे दप्तर परदेशातल्या निर्णयाने बंद होऊ शकते, हे त्यातून दिसले. प्रणाली जसजशी खात्याशी आणि दूरच्या सेवांशी बांधली जाईल, तसतशी ही किल्ली प्रत्येक यंत्राला लागू होईल.

पर्याय नाही असे नाही. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालतात. तिथल्या शिक्षकांनी ती शिकून घेतली आणि मुलांना शिकवली. सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स २००७ पासून उपलब्ध आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात मात्र लाखो मुले संगणक म्हणजे विंडोज असेच शिकून बाहेर पडली. मक्तेदाराला यापेक्षा चांगली भरती-यंत्रणा उभारता आली नसती.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, सुमारे १५,००० संगणक तिकडे नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. वरचे नेतृत्व बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, बाहेरच्या जगाशी कागदपत्रे जुळवण्याचा त्रास होता. त्याच देशातल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी पुन्हा तोच मार्ग धरला आहे. म्युनिकवरून एवढे शिकावे की, प्रणाली फुकट मिळाली तरी शिक्षण फुकट होत नाही. आणि राजकीय इच्छा टिकली नाही तर तंत्र एकटे टिकत नाही.

आपल्या मागण्या यातूनच निघतात. प्रणालीची देखभाल किती वर्षे करणार, हे विक्रीच्या वेळीच जाहीर करण्याचे बंधन असावे. देखभाल थांबवून चालते यंत्र बाद करणाऱ्याला ई-कचऱ्याच्या खर्चात सहभागी करावे. युरोपीय नागरिकाला दिलेली प्रत्येक मुभा भारतीय नागरिकालाही मिळावी. शाळा, ग्रामपंचायती आणि सहकारी संस्थांमधली खरेदी मुक्त प्रणालींना प्राधान्य देऊन व्हावी, आणि त्यातून वाचलेला पैसा शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा. एजंट आणि पडदा टिपणाऱ्या सोयी मुळात बंद असाव्यात. ज्याला हव्या असतील त्याने त्या सुरू कराव्यात. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा मोठ्या कंपन्या आपले म्हणणे मांडायला तत्परतेने पुढे आल्या. आपल्यापैकी किती जणांनी तो मसुदा वाचला?

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर. थांबू नका आणि घेऊही नका. चारपैकी दोन संगणकांवर लिनक्स चढवा. पत्रके, हिशेब आणि टपाल यांना ती पुरते आणि मराठी तिच्यात नीट लिहिता येते. एका संगणकावर विंडोजखेरीज न चालणारी कामे ठेवा आणि त्याची सुरक्षेची मुदत मर्यादित आहे, हे ध्यानात असू द्या. चौथ्याला इंटरनेट जोडू नका. त्यावर जुने अक्षरसंच जपा आणि आपल्या अंकांचे, ठरावांचे युनिकोडमध्ये रूपांतर सुरू करा. सभासदांच्या याद्या कोणत्या यंत्रावर आहेत आणि त्यांची प्रत कोणाकडे आहे, हे कार्यकारिणीने लेखी ठरवावे.

या कामात अडचणी येतील, छापयंत्र रुसेल, एखादी फाइल उघडणार नाही. त्या सर्वांची नोंद ठेवा. पुढच्या अभ्यासवर्गात या विषयावर त्या तरुण कार्यकर्त्याने बोलावे, असे मी अध्यक्षांना सुचवतो. मी ऐकायला येईन, आणि येताना माझी ती चारशे पानांची फाइलही घेऊन येईन.